माजिवड्याच्या नाक्यावरचा फळा

चौदा वर्षं मी लोकांना रस्ता मोकळा आहे की नाही ते सांगत होतो, आणि चौदा वर्षं लोक मला शिव्या देत होते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "नोकरीतले चार अनुभव लिहा" म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा त्या शिव्याच आठवल्या. त्या सगळ्या काही छापता येणार नाहीत. उरलेलं लिहितो.

माझी नोकरी कसली, हे माझ्या सासऱ्यांनाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. "जावई काय करतात?" असं कुणी विचारलं की ते "ते नाक्यावर असतात" एवढं सांगून विषय बदलायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, पोलिसात असावेत. खरं म्हणजे माझ्याकडे एक फळा होता, खडू होता, आणि खिशात धन्यानं दिलेलं एक घड्याळ होतं. रोज पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत माजिवड्याच्या नाक्यावर चिंचेखाली बसायचं आणि कशेळीची खाडी ओलांडता येते आहे की नाही, ते फळ्यावर लिहायचं.

ठाण्याहून भिवंडीला जायला तेव्हा दोन वाटा होत्या. एक माजिवड्यावरून आग्रा रस्त्यानं सरळ खाडीवर. तिथे तराफा असे. दोन मोठ्या होड्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर फळ्या ठोकल्या की झाला तराफा. एका खेपेला चार गाड्या मावायच्या, बैलांसकट. पलीकडे कशेळी, आणि तिथून दोन कोसांवर भिवंडी. दुसरी वाट लांबची. आगगाडीनं कल्याणला जायचं, दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीवर उतरायचं, तिथल्या तराफ्यानं पलीकडे कोनला जायचं आणि तिथे भिवंडीची गाडी शोधायची. कशेळीची वाट जवळची होती, पण लहरी. ओहोटी लागली की पाणी उतारापासून इतकं मागे हटायचं की तराफा आणि गाडी यांच्यामध्ये गुडघाभर चिखल उरायचा. त्यात एखाद्या गाडीचं चाक रुतलं की मागचे सगळे बसले बिड्या ओढत.

खाडी नाक्यापासून अर्ध्या पाऊण कोसावर, बाळकुमच्या बाजूला. मधे भातशेतं आणि मिठागरं, एक घर आड येत नव्हतं. काठावर एक उंच वासा पुरलेला होता आणि त्यावर दोरीनं काळ्या टोपल्या चढवायची सोय होती. एक टोपली म्हणजे मोकळं, दोन म्हणजे अर्धा तास खोळंबा, तीन म्हणजे बंद. टोपल्या चढवायचं काम तराफा चालवणाऱ्या तांडेलाच्या बायकोकडे, हिराबाईकडे होतं. मी डोळ्यांवर हात धरून टोपल्या मोजायच्या आणि फळ्यावर "कशेळी मोकळी", "कशेळी अर्धा तास" किंवा "कशेळी बंद" लिहायचं. झाली नोकरी. पोरालाही जमेल असं वाटतं ना? मलाही पहिले आठ दिवस तसंच वाटलं.

नवव्या दिवशी हिराबाईनं स्वतःच्या मासळीच्या ओल्या टोपल्या वाळायला त्याच वाशावर चढवल्या. मी दिवसभर "बंद" लिहीत बसलो. पन्नास माणसं नाक्यावरून माघारी गेली. संध्याकाळी मी धावतपळत काठावर गेलो तर तराफा रिकामा डुलत होता आणि तांडेल खालच्या फळीवर झोपला होता. हिराबाई म्हणाली, "वारा चांगला लागतो वर. तुला वास आला काय तिकडं, येवढं धावत यायला?" बाईला रागवायचं म्हणून गेलेला मी दोन बोंबील खाऊन परत आलो. घरी हे सांगितलेलं नाही, आता छापूनच येऊ दे.

या धंद्यातली खरी मेख वेगळीच. टोपली चढली ती आत्ताची, मी लिहिलं ते थोड्या वेळानं, टांगेवाल्यानं वाचलं ते आणखी थोड्या वेळानं, आणि तो खाडीवर पोचला तोवर वर नवी टोपली चढलेली. माझी बातमी म्हणजे वरातीमागून घोडं. मी खोटं लिहीत नव्हतो हो. पण लोक खाडीवर पोचेपर्यंत ते खोटं होत होतं. त्यात फळा होता माजिवड्याला. "बंद" वाचून माघारी ठाण्याला स्टेशनवर जायचं म्हणजे मधली सगळी रपेट फुकट. लोक मला विचारायचे, "अहो, हा फळा स्टेशनाजवळच का नाही लावत?" अगदी बरोबर प्रश्न होता. मी तो शेटजींना विचारला.

शेटजी म्हणजे कशेळीच्या तराफ्याचे मक्तेदार, माझे धनी. ते म्हणाले, "स्टेशनावर 'बंद' वाचलं तर मंडळी तशीच आगगाडीत बसतील. नाक्यापर्यंत आलेला माणूस शंभरदा विचार करतो." कोनचा तराफा दुसऱ्या मक्तेदाराचा होता, हे इथे सांगायला हवं. पुढच्याच आठवड्यात शेटजींनी एक नवा फळा करून पाठवला. सुंदर फळा, शिसवी चौकट, आणि त्यावर तेलाच्या रंगात कायमचं लिहून आणलेलं, "कशेळी मोकळी आहे." मी त्याची पाठ पुढे केली आणि पाठीवर खडूनं लिहीत राहिलो. शेटजी येताना दिसले की फळा उलटा करायचो. असं आमचं बरं चाललं होतं.

लोकांचं म्हणाल तर एका माणसानं मला पूर्ण ओळखलं होतं. आबासाहेब वकील. राहणार ठाण्याचे, खटले भिवंडीच्या कोर्टात. टांगा थांबवायचे, फळा वाचायचे, आणि मग टांगेवाल्याला बरोबर उलटं सांगायचे. "मोकळी" असेल तर "घे माघारी, स्टेशनावर", "बंद" असेल तर "चल खाडीवर." मला राग यायचा. एकदा विचारलंच, "आबासाहेब, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे," ते म्हणाले, "म्हणूनच. तुम्ही 'मोकळी' लिहिलंत की सगळी मंडळी तिकडे लोटतात, मग कसली मोकळी? आणि 'बंद' लिहिलंत की तिकडे कुत्रं फिरकत नाही. मी पोचेपर्यंत भरती येते आणि तराफा माझ्या एकट्यासाठी."

आणि खरंच, तो माणूस वर्षातून दोनदासुद्धा उशिरा पोचला नसेल. फळ्यावर विश्वास ठेवणारे मात्र आगीतून फुफाट्यात. कशेळी टाळून कल्याणला गेले की कोनच्या काठावर मीच पाठवलेली सगळी जत्रा त्यांच्या आधी उभी. तिथून माझ्या नावानं जे निघायचं, ते वारा नाक्यापर्यंत आणत नव्हता एवढंच नशीब.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो.

माजिवड्यातली चांगुणाबाय. साठी ओलांडलेली आगरी बाई, नवरा गेलेला, मुलगा मिठाच्या मचव्यावर, घरी ती आणि सून. खाडीला लागून तिचं खारीचं शेत होतं. खारीचं शेत म्हणजे समुद्राच्या तोंडातून काढलेला घास. मातीचा बांध घालून भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं, तेव्हा आत भात पिकतो. बांध तिनं आणि तिच्या नवऱ्यानं डोक्यावर चिखल वाहून घातलेला. नवरा गेल्यावर भिवंडीला राहणारा पुतण्या उठला आणि म्हणाला, शेत माझ्या बापाचं. दावा भिवंडीच्या कोर्टात लागला. पुतण्याचे वकील आबासाहेब. चांगुणाबायला वकील कुठला? ती स्वतःच जायची. गुडघे गेलेले, म्हणून बैलगाडी करून.

तारखा नेमक्या सोमवारी पडायच्या. तिथल्या मुन्सफसाहेबांची, म्हणजे न्यायाधीशांची, मुलं ठाण्याच्या शाळेत, त्यामुळे साहेब रविवार घरी काढून सोमवारी सकाळी टांग्यानं भिवंडीला जायचे. त्यांच्याबरोबर सोमवारी सगळेच जायचे, कारकून, वकील, मास्तर, व्यापारी. आणि खाडीवरचा रिवाज असा की टांगा आधी, बैलगाडी मागून. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. चांगुणाबायची गाडी उतारावर पहिली उभी असली तरी मागून टांगा आला की ती बाजूला. असे दहा टांगे गेले की उन्हं चढलेली असायची.

पहिल्या तारखेला तिनं मला विचारलं, मी टोपली बघून म्हणालो, "मोकळी आहे, जा." सगळे टांगे मोकळीच बघून तिकडे गेले होते. ती पोचली दुपारी, कोर्टात पुकारा होऊन गेलेला. दुसऱ्या तारखेला तीन टोपल्या होत्या. मी म्हणालो, "बंद आहे बाय, कल्याणवरून जा." बिचारी गाडी सोडून आगगाडीनं गेली, कोनला गर्दीत तीन तास उभी राहिली, आणि संध्याकाळी तशीच परत आली. कोर्टानं सांगून ठेवलं, तिसऱ्या वेळी गैरहजर राहिली तर निकाल एकतर्फी.

तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, ती चिंचेखाली येऊन बसली. तंबाखूची चिमूट दाढेत धरली आणि म्हणाली, "कारकुना, दोनदा तुजं ऐकलं. दोनदा मी पोचली नाय. आता सांग."

"बाय, तू आजच जा ना," मी म्हणालो. "रात्री भिवंडीला राहा."

"उदान हाय. अवसेचं पानी रातचं बांधावर येतं. सून येकली काय काय करंल? रातभर बसून पाहाचं, पहाटं पानी उतरलं का भोकं बुजवाची, मंगच मना निंगता येल. येक रात बांध सोरला तं शेतच नाय रहाचं. मंग कोरटात जाऊन कशाचा निकाल घेऊ?"

शेत वाचवायला तिला रात्री बांधावर बसणं भाग होतं, आणि तेच शेत वाचवायला सकाळी अकराच्या आत भिवंडीला पोचणं भाग होतं. अमावास्येची ओहोटी पहाटे, म्हणजे साडेसातच्या सुमाराला पाणी चढल्यावर पहिला तराफा सुटणार. त्या पहिल्या खेपेत तिची गाडी चढली तरच जमणार होतं, आणि सोमवारच्या दहा टांग्यांच्या पुढे ती चढणं शक्य नव्हतं. तिच्या दोन तारखा बुडाल्या, ते पाप माझ्या फळ्याचं होतं. मला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता.

ती फळ्याकडे बघत बसली होती. मी तिला म्हणालो, "उद्या कुणी काहीही सांगू दे, बाय. सगळे माघारी फिरताना दिसले तरी तू थांबू नकोस. सरळ खाडीवर जा."

सोमवारी सकाळी साडेसातला हिराबाईनं एक टोपली चढवली. आभाळ स्वच्छ, एकच टोपली, चूक व्हायला जागाच नाही. मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, "कशेळी बंद." चौदा वर्षांत जाणूनबुजून लिहिलेलं ते एकच खोटं.

टांगे येऊ लागले. वाचायचे, चरफडायचे, माघारी फिरायचे. शाळेचे मास्तर फिरले, दोन व्यापारी फिरले, चांगुणाबायचा पुतण्या ठाण्याला लग्नाला आला होता, तोही फिरला. आणि मुन्सफसाहेबांचा टांगा आला. साहेब भले गृहस्थ. मला म्हणाले, "तुम्ही इथे आहात म्हणून बरं, नाहीतर उगाच खाडीपर्यंत खेप झाली असती." टांगा वळला. मला टांगे वळवायचे होते. साहेबही टांग्यानंच जातात, हे मी रात्रभर विचार करूनही विसरलो होतो. एवढा शहाणा मी.

मग चांगुणाबायची गाडी गेली. तिच्या अंगावरचा चिखल अजून वाळला नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिच्या मागून आबासाहेबांचा टांगा. फळा वाचून ते प्रसन्न हसले आणि टांगेवाल्याला म्हणाले, "चल, खाडीवर."

पुढचं सगळं मला त्याच संध्याकाळी आबासाहेबांनी नाक्यावर थांबून सांगितलं. तराफ्यावर दोनच वाहनं होती, त्यांचा टांगा आणि तिची गाडी. अर्धी खाडी ओलांडेपर्यंत म्हातारीनं त्यांना बांधाची, पाण्याची, कारकुनानं काय सांगितलं त्याची, सगळी हकिगत ऐकवली. ते विरुद्ध बाजूचे वकील आहेत हे तिला माहीत होतं. पण खाडीत माणूस भेटला की बोलायचं, एवढंच तिला कळत होतं. दोघं साडेदहाला कोर्टात पोचले. कोर्टात शिपायाशिवाय कुणी नाही. साहेब नाहीत, पुतण्या नाही. कोर्टाच्या ओट्यावर चांगुणाबाय आणि आबासाहेब समोरासमोर साडेतीन तास बसले. तिनं भाकरी काढली, अर्धी त्यांना दिली. "मी खाल्ली," आबासाहेब म्हणाले. "भूक लागली होती हो. आणि वर सुकट होती."

साहेब आले दोन वाजता, त्यांच्या मागोमाग पुतण्या. साहेबांच्या कोनला उतारावर घसरून एका पायात चिखल, घामाघूम, आणि रागानं लाल. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांना दिसलं की तिसऱ्या वेळी गैरहजर राहायची ती बाई समोर बसली आहे, आणि कोर्टच गैरहजर होतं.

"बाई, तू केव्हा आलीस?"

"कवाची. तुजीच वाट पाहत व्हती."

"कुठल्या वाटेनं?"

"कशेलीच्या."

"कशेळी बंद होती. फळ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. मी स्वतः वाचलं."

तिनं खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी संपली असती, आणि तिच्या हजेरीवरही पुतण्यानं उद्या बोट ठेवलं असतं. म्हातारीनं साहेबांकडे शांतपणे बघितलं.

"मना वाचाला येतं काय, रं?" ती म्हणाली. "बैलं गेली तशी मी गेली."

साहेबांनी पायाचा चिखल झटकला. मग आबासाहेबांकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्हाला तर वाचता येतं."

"येतं, साहेब," आबासाहेब म्हणाले. "म्हणूनच मी कशेळीनं आलो."

साहेबांनी हजेरी लिहून घेतली आणि त्याच दुपारी तिची जबानी ऐकली. बांध कुठून कुठे, कुठल्या साली फुटला, कुठल्या जागी दगड घातला, त्या वेळी पोटात मूल होतं की पाठीवर, सगळं तिनं बोटावर मोजून सांगितलं. पुतण्याला बांधाची दिशासुद्धा सांगता आली नाही. दोन महिन्यांनी निकाल लागला. शेत चांगुणाबायचं राहिलं.

मी आबासाहेबांना विचारलं, "तुम्हाला सगळं ठाऊक होतं. बोलला का नाहीत?"

"मी पुतण्याचा वकील," ते म्हणाले. "फळ्याचा नाही." आणि गेले.

सुखात संपलं म्हणून माझं पाप धुतलं गेलं असं मी म्हणत नाही. त्या दिवशी कोनला जे लोक उन्हात उभे राहिले ते सगळे माझ्यावर विश्वास ठेवणारे होते. ज्यानं कधीच ठेवला नाही तो आरामात सुकट खात बसला. याची टोचणी मला अजून आहे. शाळेतली पोरं तेवढी खूश होती, मास्तर दुपारी पोचले म्हणून.

शेटजींनी मात्र मला सोडलं नाही. "माझ्याच फळ्यावर माझाच तराफा बंद?" म्हणून त्यांनी खडू काढून घेतला आणि स्वतः चिंचेखाली बसले. पहिल्या दिवशी "मोकळी" लिहून त्यांनी अठरा टांगे खाडीवर पाठवले. त्यातले अकरा परत आले, शेटजींना भेटायला. तिसऱ्या दिवशी सकाळी खडू माझ्या घरी पोचता झाला, सोबत निरोप, "तुम्हीच सांभाळा."

निकालानंतरचा एक सोमवार. चांगुणाबाय सुनेबरोबर भाजी घेऊन चिंचेखाली टेकली होती. एक टोपली वर होती, फळ्यावर मी लिहिलं होतं, "कशेळी मोकळी." अगदी खरं होतं. मुन्सफसाहेबांचा टांगा येऊन थांबला. साहेबांनी फळा वाचला. माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी पुन्हा फळा वाचला. मग टांग्यातून बाहेर वाकून म्हातारीला विचारलं, "काय गं बाई, कशेळी कशी आहे?"

चांगुणाबायनं डोळ्यांवर हात धरला, खाडीकडे बघितलं, आणि म्हणाली, "मोकली हाय. जा."

साहेब टांगेवाल्याला म्हणाले, "चल मग."

टांगा धुरळा उडवत गेला. मी फळ्याशेजारी खडू घेऊन उभा होतो. म्हातारीनं माझ्याकडे बघून तंबाखूची चंची पुढे केली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा चिमूटभर घेतली.